अन्नपदार्थांचा साठा जप्त झाला तर काय करावे: सांगली-साताऱ्यातील नव्या अन्न व्यावसायिकांसाठी

हळद पूड, कांदा-लसूण मसाला, शेंगदाणा चटणी आणि भडंग एवढ्या चार जिनसांवर आमचा छोटा उद्योग चालतो. सांगलीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक डंक, एक दळणयंत्र आणि पाकिटे चिकटवण्याची दोन यंत्रे एवढाच आमचा पसारा आहे. काही वर्षांपूर्वी ऐन चैत्रात, चटणीचा हंगाम भरात असताना, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासणीला आले आणि हळद पुडीचा ३४० किलो साठा जप्त करून गेले. त्यातली १४० किलो पूड आम्ही स्वतः हळकुंडे घेऊन दळलेली होती. उरलेली २०० किलो मागणी पुरी करण्यासाठी मी एका व्यापाऱ्याकडून तयार, तीही कच्च्या चिठ्ठीवर घेतली होती. दोन्ही माल एकत्र का अडकले, हे मला त्या दिवशी कळले नाही. कळले तेव्हा त्यावर करण्यासारखे फारसे उरले नव्हते. बचत गटातून किंवा घरातून नुकताच व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी ही प्रक्रिया मी क्रमाने लिहीत आहे. जप्तीच्या दिवशी माल तुमच्या हातात राहत नाही, पण त्या दिवशी होणारे कागद बरोबर आहेत की नाहीत हे पाहणे पूर्णपणे तुमच्या हातात असते, आणि पुढचे सगळे त्या कागदांवर ठरते.

१. कोण येते आणि त्यांना काय करता येते

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याची प्रत्यक्ष अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. जुना अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ त्यानंतर उरला नाही. जागेवर येतात ते अन्न सुरक्षा अधिकारी. त्यांच्या वरचे पदावधित अधिकारी म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याचे सहायक आयुक्त (अन्न), आणि संपूर्ण राज्यासाठी अन्न सुरक्षा आयुक्त. कलम ३८ नुसार अन्न सुरक्षा अधिकारी तुमच्या जागेत प्रवेश करू शकतात, नमुना घेऊ शकतात आणि कायद्याचे उल्लंघन करणारा वाटणारा पदार्थ जप्त करू शकतात. ‘वाटणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच जप्ती होते, त्यामुळे ‘अजून काही सिद्ध झालेले नाही’ असा वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तो पाऊणएक तास घातला आणि त्या वेळात पंचनाम्यातला मजकूर माझ्या नजरेआड लिहिला गेला.

अडवणूक करू नका. अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणणे हा कलम ६२ खाली तुरुंगवासाची तरतूद असलेला वेगळा गुन्हा आहे. मात्र ओळखपत्र पाहणे ही अडवणूक नव्हे. ते पाहा आणि नाव व हुद्दा स्वतःच्या वहीत लिहून घ्या. विनाकारण, केवळ त्रास देण्यासाठी जप्ती केल्याचे सिद्ध झाल्यास त्या अधिकाऱ्यालाही कलम ३९ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तशी खोटी तक्रार केली तर दंड तक्रारदाराला आहे, तेव्हा हे कलम धमकी म्हणून वापरू नये.

२. हाताशी असावी अशी फाईल

तपासणीच्या वेळी कागद शोधत बसावे लागले की माणूस गोंधळतो आणि नको ते बोलून जातो. चौदा अंकी क्रमांक असलेला परवाना किंवा नोंदणी प्रमाणपत्र, सर्व कच्च्या मालाची पक्की बिले, उत्पादनाची रोजची नोंदवही, लॉटनिहाय विक्रीची नोंद (एकाच क्रमांकाखाली पाकिटबंद केलेला माल म्हणजे एक लॉट), पाणी तपासणीचा अहवाल, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि लेबलचा नमुना एवढे एका फाईलमध्ये ठेवावे. जागा भाड्याची असल्यास भाडेकराराची प्रतही जोडावी.

या सर्वांत सर्वाधिक वजन पक्क्या बिलाला आहे. कलम २६ नुसार एका व्यावसायिकाने दुसऱ्या विक्रेत्याला अन्नपदार्थ विकताना त्याच्या दर्जाची लेखी हमी द्यावी लागते. बिलालाच ही हमी मानले जाते. स्वतंत्र हमीपत्र हवे असल्यास त्यासाठी ‘नमुना ई’ (म्हणजे फॉर्म ई) आहे. ‘मी माल नावाजलेल्या व्यापाऱ्याकडून घेतला’ हे तोंडी सांगणे आणि बिल दाखवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या २०० किलोंची चिठ्ठी वहीच्या पानावर होती, तीवर ना परवाना क्रमांक होता ना लॉट. त्या व्यापाऱ्याने नंतर माल आपला असल्याचे मान्यच केले नाही आणि मला ते कशानेही दाखवता आले नाही.

३. नमुना कसा घेतला जातो ते डोळ्यांनी पाहा

जप्तीच्या आधी नमुना घेतला जातो आणि नवखा माणूस नेमका याच वेळी चहा सांगायला आत जातो. कृपा करून समोरून हलू नका. नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची लेखी सूचना ‘नमुना ५-अ’ या फॉर्ममध्ये तुम्हाला मिळाली पाहिजे. नमुन्याची किंमत ग्राहकाला लावतो त्या दराने अधिकारी देतात. ‘राहू द्या साहेब, एवढ्याशा हळदीचे काय पैसे’ असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे होतोच. पैसे घ्या, बिल द्या आणि बिलावर लॉट क्रमांक लिहा.

नमुन्याचे सारखे चार भाग केले जातात. आमच्याकडे पूड एका पसरट पातेल्यात ओतून नीट कालवून मग चार कोरड्या बरण्यांत भरली गेली. प्रत्येक बरणी जाड कागदात गुंडाळतात, पदावधित अधिकाऱ्याच्या सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी वरपासून खालपर्यंत लावतात, आणि तुमची सही अशी घेतात की ती अर्धी चिठ्ठीवर व अर्धी वेष्टनावर पडावी. चिठ्ठी काढून दुसरी लावली तर सही जुळणार नाही, हा त्यातला हेतू. त्यावरून सुतळी आवळून लाखेचे किमान चार ठसे उमटवतात: एक वर, एक खाली आणि दोन अंगावर. गाठीवर लाख आहे का ते पाहा. ठसा अस्पष्ट असेल तर त्याच वेळी नम्रपणे सांगावे. बरणी आतून ओलसर असल्याचे किंवा पातेले आधीच्या पदार्थाने माखलेले असल्याचे दिसले, तर तेही तेव्हाच सांगून पंचनाम्यात लिहून घ्यावे. महिन्यानंतर सांगितलेली गोष्ट कोणी ऐकत नाही.

आता चार भागांपैकी कोणता कोठे जातो ते पाहू. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग पदावधित अधिकाऱ्याकडे सुरक्षित राहतात. चौथा भाग तुम्ही मागणी केल्यास, तुमच्या खर्चाने, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो, आणि दोन अहवाल जुळले नाहीत तर पदावधित अधिकारी आपल्याजवळचा एक भाग निर्देशित प्रयोगशाळेत पाठवतात, जिचा निर्णय अंतिम असतो. ही मागणी नमुना घेताना करायची असते. ‘चौथा भाग खासगी प्रयोगशाळेत पाठवायचा आहे का’ असे मला स्पष्ट विचारले गेले होते. आणखी खर्च कशाला, म्हणून मी ‘नाही’ लिहून सही केली. आपल्या मालावर पूर्ण विश्वास असेल तर हा खर्च टाळू नका. प्रयोगशाळेचे नाव आधीच ठरवून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण ऐन वेळी ते आठवत नाही.

४. पंचनामा आणि लॉट क्रमांक: येथेच माल अडकतो

पंचनाम्यात साठ्याचे वर्णन, वजन, पोत्यांची व पाकिटांची संख्या, लॉट क्रमांक, उत्पादनाची तारीख, किंमत आणि जप्तीचे कारण असते. साक्षीदारांच्या सह्या होतात. तुमची सही मागितली की प्रत्येक आकडा मोजून मगच ती करावी. वाचायला वेळ मागण्यात गैर काही नाही. चष्मा घरी राहिला असेल तर तो आणवावा. मजकूर मान्य नसेल तर सही नाकारण्यापेक्षा सहीच्या वर आपला आक्षेप एका वाक्यात लिहावा. सही नाकारल्याने जप्ती थांबत नाही, तुमची बाजू मात्र कोरी राहते. शेवटी प्रत मागून घ्यावी.

आमची खरी चूक लॉट क्रमांकात होती. बाहेरून आलेली पूड आणि घरी दळलेली पूड मी एकाच आठवड्यात पाकिटबंद केली, आणि लेबलांचा गठ्ठा शिल्लक होता म्हणून दोन्हींवर एकच लॉट क्रमांक टाकला. कागदावर तो एकच माल झाला. कायद्याची दृष्टी याबाबत कठोर आहे: एखाद्या लॉटमधील पदार्थ असुरक्षित ठरला, तर सविस्तर तपासणीत तसे नसल्याचे दिसेपर्यंत त्या लॉटमधील सर्वच माल असुरक्षित आहे असे कलम २६(५) गृहीत धरते. त्यामुळे अधिकाऱ्यांनी एका क्रमांकाची झाडून सगळी पोती व पाकिटे मोजली, आणि ज्या हळकुंडांची मी मार्केट यार्डातल्या सौद्यात उभी राहून पारख केली होती, त्यांची पूडही त्या ढिगात गेली.

म्हणून नियम असा ठेवा: पुरवठादार बदलला की लॉट बदलायचा, दळण्याचा दिवस बदलला की लॉट बदलायचा, आणि पावसाळ्यात पोते ओले झाल्याचा नुसता संशय असला तरी ते वेगळे काढून त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावायची. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत भिजलेल्या मालाचा प्रश्न दारोदारी होता. भिजलेली हळद उन्हात वाळवली की वरून कोरडी दिसते, पण आत धरलेली बुरशी दळल्यावर सगळ्या पुडीत पसरते. असा माल चांगल्या मालाच्या शेजारी, त्याच थप्पीत सापडला तर ‘तो विकायचा नव्हता’ हे पटवून देणे फार अवघड जाते.

५. साठा तुमच्याच ताब्यात ठेवला तर

जप्त केलेला माल उचलून नेलाच जातो असे नाही. पुष्कळदा तो सीलबंद करून तुमच्याच गोदामात सुरक्षित ठेवण्यासाठी दिला जातो आणि मालाच्या किमतीएवढे बंधपत्र जामीनदारासह लिहून घेतले जाते. यासाठी खरेदीची बिले उपयोगी पडतात; बिल नसेल तर किंमत अंदाजाने धरली जाते आणि बंधपत्राचा आकडा फुगतो. आमच्या शेजारच्या गिरणीवाल्या मामांनी जामीन दिला, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

या साठ्याला हात लावायचा नाही. परवानगीशिवाय तो हलवणे, विकणे किंवा सील, वेष्टन, लेबल यांत बदल करणे हा कलम ६० खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हेतू चांगला असला तरी सुटका नाही. जूनच्या पहिल्या पावसात आमच्या शेडचा पत्रा गळू लागला आणि पाणी नेमके सीलबंद पोत्यांवर टपकू लागले. यजमान पोती सरकवायला निघाले होते, त्यांना मी थांबवले. वरून ताडपत्री ताणली, मोबाईलवर फोटो काढले आणि सकाळी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. परवानगी मिळाल्यावर अधिकाऱ्यांसमोरच पोती हलवली. तोपर्यंत दोन रात्री आम्ही बादल्या बदलत काढल्या.

त्याच लॉटची पाकिटे दुकानांत गेली असतील तर ती परत मागवण्याची जबाबदारी तुमचीच आहे. कलम २८ त्यासाठीच आहे. विक्रीची नोंद लॉटनिहाय असेल तर हे काम दोन दिवसांत होते. नसेल तर तासगावपासून मिरजेपर्यंत प्रत्येक दुकानदाराला फोन करत बसावे लागते.

६. नाशवंत माल

दूध, खवा, पनीर, पेढे यांचे गणित वेगळे आहे. जप्त केलेला पदार्थ खाण्यास अयोग्य होण्याइतका बिघडला आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर व्यावसायिकाला लेखी सूचना देऊन तो नष्ट करता येतो. साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी बाहेरचा खवा घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण अहवाल येण्याच्या कितीतरी आधी माल खड्ड्यात गेलेला असतो आणि मागे उरतात ते फक्त नमुने आणि पंचनामा. नष्ट करण्याआधीचे वजन आणि फोटो तुमच्याजवळ असू द्या.

७. अहवाल आणि तीस दिवस

अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यावा अशी तरतूद आहे. अहवालाची प्रत हाती आली की सर्वप्रथम तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहा. अहवाल मान्य नसल्यास ‘नमुना ८’ मध्ये पदावधित अधिकाऱ्याकडे अपील करता येते आणि त्याची मुदत प्रत मिळाल्यापासून तीस दिवस असते. अपील मान्य झाल्यास नमुना निर्देशित प्रयोगशाळेकडे जातो; म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) ही अशांपैकी एक आहे. आमचा लखोटा आला तेव्हा मी माहेरच्या जत्रेला गेले होते. सासूबाईंनी सही करून तो देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि माझ्या हाती तो नवव्या दिवशी पडला. मुदत त्यांच्या सहीपासून धावत होती, माझ्या वाचण्यापासून नव्हे.

अहवालाचा निष्कर्ष नीट वाचा, कारण एका शब्दाने प्रकरणाची वाट बदलते. हळद पुडीचेच उदाहरण घ्या. ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाला किंवा पिष्टमय पदार्थ ६० टक्क्यांच्या वर गेले, पण आरोग्याला अपायकारक काही सापडले नाही, तर माल ‘कमी दर्जाचा’ ठरतो आणि दंडाची कमाल मर्यादा पाच लाख रुपये आहे. लेबलवर चुकीची किंवा अपुरी माहिती असेल तर ‘मिथ्याछाप’. तेथे ही मर्यादा तीन लाखांची आहे. परंतु पुडीला पिवळाधमक रंग यावा म्हणून वापरले जाणारे लेड क्रोमेट सापडले, तर त्यात शिसे असल्यामुळे माल ‘असुरक्षित’ ठरतो आणि प्रकरण दंडाचे न राहता फौजदारी न्यायालयात जाते. कोणाला इजा झाली नसली तरी त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि अशा अन्नाने मृत्यू ओढवल्यास शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. ‘असुरक्षित’ हा शब्द दिसला की त्याच दिवशी वकील गाठावा. बाकी प्रकरणांत स्वतः उभे राहता येते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या अहवालात पिष्टाचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त होते. घरच्या पुडीत मैदा किंवा तांदळाचे पीठ गेलेले नाही याची मला खात्री होती, पण एका लॉटच्या नावाखाली दोन्ही माल असल्यामुळे ते वेगळे काढून दाखवणे शक्य नव्हते. मी अपील केले नाही.

या काळात ‘प्रकरण मिटवून देतो’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतो. तो कार्यालयातला नसतो, कार्यालयाबाहेरच्या टपरीवरचा असतो. त्याला कागद दाखवू नका.

८. सुनावणी

दंडाची प्रकरणे सहआयुक्त (अन्न) दर्जाच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. नोटीस येते, लेखी म्हणणे मांडायला वेळ मिळतो, आणि पहिल्या सुनावणीपासून नव्वद दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. लेखी म्हणणे दोन पानांत बसवा आणि कलम ४९ समोर ठेवून लिहा. दंड ठरवताना उल्लंघनातून किती फायदा झाला, इतरांचे किती नुकसान झाले, चूक वारंवार घडली आहे का आणि ती नकळत घडली का, याचा विचार करावा असे ते कलम सांगते. ‘आम्ही गरीब आहोत’ या वाक्यापेक्षा खरेदी-विक्रीचा हिशेब, परत मागवलेल्या पाकिटांची यादी आणि लॉट क्रमांकाची सुधारलेली वही यांचा उपयोग जास्त होतो. मी तीच वही नेली होती. ती उघडून पाहिली गेली आणि दोन प्रश्न त्यावरूनच विचारले गेले.

निर्णय मान्य नसेल तर अन्न सुरक्षा अपिलीय न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत जाता येते. दंड भरायचा ठरल्यास वेळेत भरावा. थकला तर तो जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होतो आणि भरेपर्यंत परवाना निलंबित राहतो. चलनाची प्रत त्याच फाईलमध्ये ठेवावी.

आमचा निकाल लागेपर्यंत जप्त पुडीची ‘सर्वोत्तम उपयोग’ तारीख उलटून गेली होती, त्यामुळे घरची १४० किलो हळदही विकता आली नाही. माल मोकळा करून घ्यायचा असेल तर अहवाल अनुकूल येताच, निकालाची वाट न पाहता, पदावधित अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि त्यात ही तारीख ठळकपणे नमूद करावी.